बेक यांनी आधी स्वप्नंच तपासली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रॉइडचं मनोविश्लेषण मागे पडून सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवरचा उपचार, पुढे आला तो अमेरिकेतल्या विमा कंपन्यांमुळे, असा रविवारच्या लेखाचा सूर होता. मी बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. नंतर या उपचाराची वेळ माझ्यावरच आली, म्हणून लिहिते.

विम्याचा वाटा होताच. मनोविश्लेषणात आठवड्यातून चार-पाचदा कोचावर पडून वर्षानुवर्षं बोलायचं, तर खर्च कोण सोसणार? पण सीबीटीचा पाया घालणारे फिलाडेल्फियाचे डॉ. ॲरन बेक स्वतः मनोविश्लेषक होते. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. राग सापडेना. सापडलं ते हरणं आणि गमावणं, आणि जागेपणीही ही माणसं स्वतःबद्दल तेच बोलत होती. बेक यांनी सिद्धान्त सोडला, रुग्णांचे शब्द धरले. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसही मनोविश्लेषण सोडून १९५५च्या सुमारास वेगळे झाले. अविवेकी विचार बदलण्याची त्यांची पद्धत मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यांचा साधा उल्लेखही लेखात नाही, याचं वाईट वाटलं.

शिवाय सीबीटी मोजमापाला सामोरी गेली. बेक यांची नैराश्य मोजायची २१ प्रश्नांची यादी १९६१ची. १९७७मध्ये इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाशी बेक यांच्या उपचाराची बारा आठवडे तुलना झाली, तेव्हा हा उपचार सरस ठरला. बहुतेक मनोविश्लेषक अशा चाचण्यांपासून लांबच राहिले.

यजमान गेल्यावर मी खचले होते. समुपदेशक बाईंनी वहीत तीन रकाने आखायला लावले: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय. पहिली नोंद, 'मुलीने फोन उचलला नाही.' पुढे, 'तिला माझी अडचण होते.' तिसरा रकाना आठ दिवस कोराच. बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "दुपारी तिने उलट फोन केला होता ना? तो कुठे लिहिलाय?" मी तो लिहिलाच नव्हता. एकदाही नाही.

फ्रॉइड मी आवडीने शिकवला, आजही टाकाऊ म्हणणार नाही. पण वर्गात त्याला आठ तासिका दिल्या आणि बेक यांना जेमतेम अर्धी, याची आता खंत वाटते. पुढच्या रविवारी या चाचण्यांविषयी सविस्तर छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली