पैसा कधी येणार, आणि आधी कुणाला?

रामबाग, इंदूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, दोन सेमिस्टर झाली, पण नातेवाईक विचारतात तेव्हा मी नेमकं काय शिकतोय ते सांगता येत नाही." त्यांना फायनान्स म्हणजे शेअर मार्केट वाटतं, आणि तुला वाटतं की नुसती सूत्रं पाठ होताहेत. शिवाय पुढच्या वर्षी डेरिव्हेटिव्ह्ज (पुढच्या तारखेचा भाव आधीच बांधणारे करार) घ्यावं की आर्थिक पत्रकांचं विश्लेषण, हेही तू विचारलंस. दोन्हींचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगते, तुझ्या सगळ्या विषयांच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. पैसा कधी येणार? आणि तो कमी पडला तर आधी कुणाला मिळणार? अकाउंट्स, कंपनी कायदा, कॉर्पोरेट फायनान्स, बाँड (कर्जरोखे), पोर्टफोलिओ (पैसा अनेक ठिकाणी वाटून गुंतवणं), सगळीकडे हेच दोन प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत भेटतात.

पहिला प्रश्न आपल्याच गावात बघ. १८७० च्या सुमारास तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. हे आपण लहानपणापासून अभिमानानं ऐकतो, पण तू आता ते कॅल्क्युलेटर घेऊन ऐक. व्याज वर्षाला साडेचार लाख. मुद्दल १०१ वर्षांनी परत. त्याच साडेचार टक्क्यांनी ते मुद्दल कर्ज दिलं त्या दिवसाच्या मोलात आणलं, म्हणजे १०१ वर्षांनी एक कोटी व्हायला त्या दिवशी किती ठेवावे लागले असते ते काढलं, तर किती भरतं? सुमारे १ लाख १७ हजार. म्हणजे कर्ज दिलं त्या दिवशी त्या एका कोटीतले ९८ लाखांहून जास्त मोल नुसत्या व्याजाच्या हप्त्यांत होतं, आणि दूरवर ठेवलेल्या मुद्दलाला जवळजवळ वजनच नव्हतं. "टाइम व्हॅल्यू ऑफ मनी" म्हणून जे प्रकरण तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, ते हेच. महागाई तर मी धरलेलीच नाही. १८७० चे साडेचार लाख आणि १९७० चे साडेचार लाख कागदावर सारखेच दिसतात!

आता ताजं उदाहरण. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आपल्या नळाला येतं, त्याचं विजेचं बिल जबर. म्हणून खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प. खर्च ३०८ कोटी, आणि विजेच्या बिलात महिन्याला सुमारे ४ कोटींची बचत होईल असं सरकारनं सांगितलं. साधा भागाकार केला तर साडेसहा वर्षांच्या आतच पैसे वसूल. पण बाँडवर व्याज ८.२५ टक्के आहे. त्या दरानं दरवर्षीचे ४८ कोटी आजच्या मोलात आणून बेरीज करत गेलास, तर वसुलीला साधारण साडेनऊ वर्षं लागतात. देखभालीचा खर्च अजून धरलेला नाही, आणि बांधकाम लांबलं तर हिशेब आणखी बदलतो. साडेसहा आणि साडेनऊ यांच्यात जो फरक आहे, त्यासाठी तू शिकतो आहेस. शिवाय व्याज सहामाही मिळतं, म्हणून वर्षाचा खरा परतावा ८.२५ नसून ८.४२ पडतो. का, ते तू मला सांग.

प्रकल्प २५ वर्षं चालला तर तो फायद्याचा ठरतो, असं माझं गणित सांगतं. तुझं वेगळं येऊ शकतं, कारण तू दर वेगळा धरशील. सूत्र एकच असतं, भांडण असतं ते त्यात घातलेल्या आकड्यांचं. आकडा कुठून आला, हे विचारायची सवय लाव.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. हुकुमचंद मिल १९९२ साली बंद पडली तेव्हा मालव्यातल्या किती घरांच्या चुली विझल्या, हे आम्ही पाहिलं आहे. कामगारांची देणी थकली ती थकलीच. लिक्विडेटर (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी), कोर्ट, बँका, जमीन, असं सगळं होत होत शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपये दिले गेले, ४,८०० कामगारांसाठी. त्या वेळी वर्षाला ८ टक्के धरले, तर २०२३ मध्ये हातात आलेल्या १०० रुपयांचं १९९२ चं मोल जेमतेम ९ रुपये होतं. वाट बघता बघता कितीतरी माणसं गेली. तुमच्या पुस्तकात "प्रायॉरिटी ऑफ क्लेम्स", म्हणजे बुडालेल्या कंपनीतून आधी कुणाचे पैसे द्यायचे, हा अर्ध्या पानाचा तक्ता असेल. तो घाईनं उलटू नकोस. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये हा क्रम आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणावरचा हक्क सोडून रांगेत येणारे सावकार आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी एकाच रांगेत, पुढे बाकीचे कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार, आणि सगळ्यात शेवटी शेअरवाला. शेअरला जास्त परतावा का मागतात, याचं कारण या रांगेत आहे. आधी रांग समजून घे, मग भांडवलाची किंमत (कॉस्ट ऑफ कॅपिटल) काढायची सूत्रं आपोआप बसतील.

अकाउंट्स कंटाळवाणं वाटतं म्हणालास. इथे मी तुझं ऐकणार नाही. समज, एक शेव-नमकीनवाला महिन्याला १० लाखांचा माल विकतो, पण दुकानदारांना ६० दिवसांची उधारी देतो. बेसन आणि तेल मात्र रोखीनं. त्याचे २० लाख कायम बाजारात अडकलेले. धंदा दुप्पट झाला की ४० लाख अडकणार. नफा-तोटा पत्रकात नफा वाढलेला, आणि पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नाहीत! माझ्या टेबलावर असे चांगले चालणारे धंदे ओव्हरड्राफ्टसाठी (खात्यात आहेत त्याहून जास्त पैसे उचलायच्या सोयीसाठी) नेहमी यायचे. तोट्यापेक्षा रोकड अडकल्यानं बुडालेले मी जास्त पाहिले. हे ओळखायला ताळेबंद आणि कॅश फ्लो (रोकड कुठून आली, कुठे गेली त्याचं पत्रक) शेजारी-शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत, आणि ते वाचायला जमा-नावे हातात बसलेलं हवं.

पोर्टफोलिओचं थोडक्यात. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झनं १९५२ मध्ये जे मांडलं ते आपल्या मालव्यात असं दिसतं: एखाद्याचं सोयाबीनचं शेत, बियाण्याचं दुकान आणि भाड्यानं द्यायचा ट्रॅक्टर. तीन उत्पन्नं खरी, पण तिन्ही एकाच पावसावर. जोखीम वाटली गेली का, हे उत्पन्नं मोजून कळत नाही, ती एकत्र पडतात का ते बघावं लागतं. बाकी मॉडेल्स शिक, परीक्षेत नीट लिही, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला जी गृहीतकं असतात ती पाठ करण्याऐवजी तपासत जा.

आता तुझा प्रश्न. पुढच्या वर्षी आर्थिक पत्रकांचं विश्लेषण घे. डेरिव्हेटिव्ह्ज त्याच्या पुढच्या वर्षी घे, नक्की घे, कारण ज्या शेतकऱ्याला आणि तेल गिरणीवाल्याला भाव आधी बांधून हवा असतो त्यांच्यासाठी ती खरी गरजेची गोष्ट आहे. पण होस्टेलवरच्या मुलांसारखं मोबाईलवर ऑप्शन्स खेळू नकोस. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे डेरिव्हेटिव्ह्जचेच व्यवहार) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला होता. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. टिप देणारे फोन तुलाही येतील. सेबीचा नोंदणी क्रमांक विचार, आणि परतावा नक्की मिळेल म्हणाला तर फोन ठेवून दे.

विषयाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे ना? भरलास की कळव. फीचे पैसे बाबांनी काल टाकलेत, पावती जपून ठेव. आणि त्या ८.४२ चं उत्तर वहीत मांडून फोटो पाठव, मी तपासते.

तुझी,
आई