पदराच्या पिनेपासून सुरुवात झाली, सिस्टर

सिस्टर, नमस्कार.

गेल्या महिन्यात छातीतल्या पोर्टच्या फ्लशला, म्हणजे त्याची नळी धुवून घ्यायला, आले तेव्हा कळलं, तुम्ही मिरज सोडलंत. नवीन मुलगी ट्रे घेऊन आली. मी सवयीनं विचारलं, "बाई, सिरिंज 10 सीसीचीच आहे ना?" ती हसली. म्हणाली, "काकी, तुम्ही त्यांच्याच पेशंट दिसताय." तुमचा नंबर मागायचं धाडस झालं नाही, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. टाईप लेकानं केलंय, चुका त्याच्या.

माझं उजवीकडचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या. त्या हाताला सुई नाही की बीपीचा पट्टा नाही. राहिला डावा. दोन केमोतच त्याच्या शिरा काळवंडून सुतळीसारख्या कडक झाल्या. ते लाल औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जाळतं, हे ऐकल्यावर पोर्टला, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडायला कातडीखाली बसवतात त्या डबीला, हो म्हणाले. पण बसवल्यावर डाव्या खांद्यापुढं, गळ्याच्या हाडाखाली कॅरमच्या सोंगटीएवढा उंचवटा हाताला लागला आणि रडूच आलं. एक गाठ काढली आणि दुसरी बसवली, असंच वाटलं.

तुम्ही धीराच्या गोष्टी सांगत बसला नाहीत. आधी माझ्या पदराची पिन काढलीत. पदर डाव्या खांद्यावर, पोर्टही तिथंच. घासून घासून कातडी सोलवटेल म्हणालात. केमोच्या दिवशी पुढून बटणं असलेला गाऊन, गाडीत पुढं बसले तर पट्ट्याखाली घडी घातलेला नॅपकिन, पण पट्टा लावायचाच. घरी आल्यावर सून म्हणाली, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग विचारलंत, "काकी, घरी द्राक्षबाग आहे नव्हं? मग ठिबक कसं साफ करता?" मी म्हटलं, लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, टोक उघडून जोरात पाणी सोडतो, नाहीतर क्षार बसून चोक होतं. "हेच की ओ," म्हणालात. पोर्टची नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी जाते, तिच्यात रक्त साकळलं की ती चोक. म्हणून सलाईन एका दमात ढकलायचं नाही, थांबत थांबत झटक्यानं सोडायचं, शेवटी हेपॅरिन, रक्त साकळू न देणारं औषध. बारीक सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फुटू शकते, म्हणून 10 सीसीच. आणि काहीही सोडायच्या आधी ओढून बघायचं, रक्त येतंय का. तासगावच्या बाईला याहून सोपं कुणी काय सांगणार?

ती वाकडी सुईही तुम्हीच हातात दिलीत. साधी सुई पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा काढते, ही काढत नाही. लेकानं शोधून सांगितलं, ह्युबर म्हणून अमेरिकेत दाताचे डॉक्टर होते, त्यांच्या नावाची सुई. दाताच्या डॉक्टरचं आणि माझ्या छातीचं काय नातं, देव जाणे.

हे सगळं कधी कामी आलं ते सांगायचं राहूनच गेलं. जुलाबानं आडवी झाले होते, रात्रीची वेळ, जवळच्या एका दवाखान्यात नेलं. शीर सापडेना, तेव्हा एक पोरगा साधी सुई आणि छोटी सिरिंज घेऊन थेट पोर्टकडं आला. अंगात उठायचं बळ नव्हतं, पण मी हात आडवा धरला. पर्समधलं पोर्टचं कार्ड सुनेनं दाखवलं. तो बिचारा वरमला. मग मोठ्या सिस्टरनी कशीबशी हातालाच शीर शोधली. डॉक्टरांपुढं "जी जी" करणारी मी, त्या रात्री "नाही" म्हणाले.

आणि माझी चूक. केमो संपली, पोर्ट अजून ठेवायचा ठरला, चार आठवड्यांनी फ्लश सांगितलेला. ऑक्टोबर छाटणी झाली, अवकाळी पाऊस लागला, द्राक्षावर दावण्या रोग आला. फवारणीच्या धांदलीत दोन फ्लश बुडवले. आले तेव्हा रक्त येईना. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "हात वर करा. मान तिकडं. आता खोका." तिसऱ्या खोकल्याला सिरिंजमध्ये लाल धागा दिसला. तेव्हा कुठं म्हणालात, "बागेच्या पाण्याची पाळी चुकवता का कधी? मग हिची का चुकवली?" शरमेनं मान खाली गेली. त्यानंतर एकही चुकवली नाही. फवारणीच्या वहीतच तारखा लिहिते.

एकच गोष्ट अजून भीतीनं पाळते. फ्लशनंतर थंडी वाजून ताप भरला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक यायचं. पोर्टजवळ लाली, नाहीतर हात, मान सुजली तरी तेच. एकदाही वेळ आली नाही, तरी थर्मामीटर उशाशीच असतो.

यंदाचा बेदाणा बरा उतरलाय. तुमच्या नावाची पिशवी बांधून आणली होती, ती परत घरी न्यावी लागली. ट्रंकेवर ठेवलीय. कुठं पाठवू, तेवढं कळवा.

तुमची,
तासगावची काकी