सोनूला, कालच्या फोननंतर

प्रिय सोनू,

काल तू म्हणालीस की क्यूबिटची, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटची, लॅब सोडून आता फक्त क्वांटम मेजरमेंट, म्हणजे एकदा मोजलेलं, उलटवता येतं का यावरच पीएचडी करणार, आणि मी काही न बोलता फोन बाबांकडे दिला, म्हणून लिहितेय. नको करू असं सांगायला नाही. पण या प्रश्नाचा निकाल तुझ्या हयातीत लागलाच नाही तर, हे काही डोक्यातून जात नाही.

मला विषय कळत नाही असं नाही गं. आम्हाला बीएस्सीला शिकवलं की मोजलं की वेव्ह फंक्शन, म्हणजे सगळ्या शक्यता एकत्र धरणारं कणाचं वर्णन, कोलॅप्स होतं, एकच उत्तर उरतं आणि संपलं, गणितज्ञ फॉन न्यूमनने 1932 मध्येच ती परत न फिरणारी वेगळी प्रोसेस म्हणून मांडली होती. मग बारावीच्या सुट्टीत तू एव्हरेटचं 1957 चं काम सांगत बसलीस, की कोलॅप्स वगैरे काही नाही, मोजणारासुद्धा त्याच समीकरणात गुंततो, म्हणजे तत्त्वतः सगळं उलट फिरवता येईल, आणि ताईआत्या हातातलं काम सोडून ऐकत होती! किती शांतपणे सांगत होतीस. आणि 1986 ची जीआरडब्ल्यू (गिरार्डी, रिमिनी, वेबर यांची) थिअरी म्हणते की कोलॅप्स खराच होतो, एका कणाला कोट्यवधी वर्षांत एखादा, पण उपकरणात कण इतके की तो लगेच होतो, मग परतीची वाटच नाही.

पण रोजच्या लॅबमध्ये कोपनहेगनवाला (कोलॅप्स मानणारा) काय, एव्हरेटवाला काय, आकडे तेच. एकदा निकालाची खूण हवेत, उजेडात पसरली की ती गोळा कोण करणार? म्हणूनच मला भीती वाटते.

तुझी वही अजून इथेच आहे. त्यात 2008 चा तो सुपरकंडक्टिंग क्यूबिटचा प्रयोग तू किती छान सोडवलायस, अर्धवट मोजायचं, डिटेक्टर गप्प राहिला तर स्थिती 0 कडे थोडी कलते, मग पल्स देऊन 0 आणि 1 ची अदलाबदल, परत तेवढंच अर्धवट मोजायचं, परत गप्प, की दोन्ही बाजू सारख्याच घटतात आणि पुन्हा एकदा अदलाबदल केली की आधीची स्थिती परत मिळते. खाली तूच लिहिलंयस, मोजणं जितकं पक्कं तितकी ही शक्यता कमी, पूर्ण मोजलं तर शून्य. आणि उलटलं की पहिल्या मोजण्यातून कळलेलंही पुसलं जातं. अगं, असं हातात येणारं काम सोडून तू जिथे जातेयस तिथे भौतिकशास्त्रज्ञ डॉइचची 1985 ची कल्पना आहे, अख्खा निरीक्षक क्वांटम कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा, त्याने 'मला एकच उत्तर दिसलं' एवढंच लिहायचं, कुठलं ते नाही, मग सगळं उलट फिरवायचं आणि इंटरफिअरन्स, म्हणजे सगळ्या शक्यता अजून एकत्र असल्याची खूण, दिसतो का बघायचं. दिसला तर कोलॅप्स झालाच नव्हता. पण असं मशीन कधी होणार, आणि तोवर तू किती वर्षांची असशील?

बघ, लेक्चर द्यायला लागले. सॉरी. विनूमामाचं झालं ते मनात असतं, म्हणून होतं असं.

आमच्या सरांना मी हाच प्रश्न विचारला होता तेव्हा ते म्हणाले परीक्षेला येत नाही, आणि मी गप्प बसले. तू गप्प बसत नाहीस, याचा मला फार अभिमान आहे.

एवढंच कर, गाईडना विचार की वीक मेजरमेंटचा, म्हणजे त्या अर्धवट मोजण्याचा, एखादा प्रयोग सोबत चालू ठेवता येईल का. रविवारी फोन कर, या वेळी बाबांकडे देणार नाही. बोमच्या थिअरीत कणाला कायम ठरलेली जागा असते, तर ती जागा उलटताना नेमकं काय होतं तेही मला समजून घ्यायचंय.

तुझी,
आई