तायडीस, नेटवर्क आल्यावर वाच

तायडे,

काल शाळेच्या वाटेवरच्या नाल्यातून स्कूटी घालण्यावरून आपलं वाजलं आणि तू फोन ठेवलास ते बरंच केलंस, नायतर मी अजून बोलले असते. नाना म्हणाले, पोरगी मोठी झालीय, तिला नाला दिसतो. दिसतो गं, पण आपण मंगळवेढ्याची माणसं, आपल्याकडं ओढ्याला पाणी आलं की लोक गाडी काढून बघायला जातात. तिकडं मेळघाटात तसं नाही, तूच सांगितलंस की शाळेपाशी ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडून गेला की बघता बघता नाल्याच्या फरशी पुलावरून पाणी चालू. आणि त्याच पाण्याचा फोटो पाठवून खाली हसणारी इमोजी! असो, आज या विषयावर बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

शाळेचं सांगते. यावर्षी माझ्याकडं परत पहिली आलीय. १५ जूनला फुगे, हलगी, ट्रॅक्टरमधून मिरवणूक, सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच निम्मी पोरं दाराची चौकट धरून रडत होती. त्यातला सगळ्यात जास्त रडणारा आता माझ्या आधी येऊन खुर्ची पुसून ठेवतो आणि विचारतो, बाई तुम्ही रात्री इथंच झोपता का. परवा त्याचा दात पडला, तो खडूच्या डबीत घालून सगळ्या वर्गात फिरवला, मग कसला धडा न कसलं काय, कुणाचे किती दात हलतात ते फळ्यावर लिहून घेतलं आणि बेरीज करत बसलो. केंद्रप्रमुख आले असते तर सांगितलं असतं, लिहिण्या-मोजण्याच्या त्या निपुण मोहिमेचंच चाललंय साहेब. एक पोरगी मला चुकून आई म्हणली आणि पाटीमागं तोंड लपवून बसली, खिचडीची सुट्टी झाली तरी बाहेर येईना. मग दुपारी आहाराची नोंद, ग्रुपवर कुठली तरी लिंक, 'आजच्या आज भरा', त्यात बीएलओच्या कामाच्या मतदारयाद्या. पण तोवर दिवस वसूल झालेला असतो.

तुझ्याकडं दोनच शिक्षक, साठ पोरांपर्यंत आरटीईचा, शिक्षणहक्क कायद्याचा हिशोबच तो. पहिली-दुसरी एकत्र घेताना दोन्हीकडं एकदम शिकवत बसू नकोस, दुसरीला लिहायला दे आणि पहिलीपाशी खाली बस, खाली, खुर्चीवर नाही. घरात कोरकू बोलणाऱ्या लेकराला पहिल्या दिवसापासून मराठीत झापायचं नाही, चौथीतली एखादी चुणचुणीत पोरगी मधे बसव, ती सांगेल तुला आणि त्यांनाही. तू पण शिक त्यांच्याकडून, गाणी, प्राण्यांची नावं, तुला चुकताना बघून हसतात ना ती पोरं, तिथंच भीती मोडते. होळीच्या आसपास पट रिकामा दिसला तर चिडायचं नाही, सण मोठा असतो त्यांचा. पाठाचं टाचण रोजच्या रोज काढ. आणि पाणी असलं की अलीकडंच थांबायचं, सर काय म्हणतील, हजेरी काय म्हणेल... बघ, आलं परत. आणि टाचणाचं तुला मी काय सांगते, तुझं डीएड माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी झालंय. वर टीईटी, टेट या मास्तरकीच्या परीक्षा, मग भरतीच्या पवित्र पोर्टलवर ती वाट बघणं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, मी लागले तेव्हा तुझ्यासारखे पहिली तीन वर्षं मानधनावर काढणारे शिक्षणसेवकसुद्धा नव्हते, ते २००० पासून. एवढ्यातून तू नंबर लावलास हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून झालंय, तुला सांगायचं राहिलं.

तुला आठवत नसेल, आजी पडली त्या वर्षी तुला सांभाळायला कुणी नव्हतं, मग मी शाळेतच न्यायचे. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर तू, शेजारी हजेरीबुक. पोरांचं बघून तू पण मला बाईच म्हणायला लागलीस, घरी आल्यावरसुद्धा, नाना कसले चिडायचे. एकदा कविता घेताना तुला झोप लागली तर तिसरीची सगळी पोरं आपोआप हळू आवाजात म्हणायला लागली, मी काही सांगितलं नव्हतं. आजपर्यंत तसली शिस्त माझ्या वर्गात परत आली नाही.

तर ते स्कूटीचं. १६,००० मानधनात शाळेच्या गावातच खोली घेतलीस तर परवडेल का हा तुझा प्रश्न बरोबर आहे, तीन वर्षं काढायचीत. भाडं आम्ही देतो, बंटीच्या क्लासचं बघू नकोस, तो वेगळा हिशोब आहे. निदान पोळ्यापर्यंत तरी राहा तिथं. उपकार वाटत असतील तर नंतर फेड, नाना लिहून ठेवतीलच. आणि खोली नकोच असेल तर ज्या दिवशी पाणी दिसेल त्या दिवशी गाडी वळव आणि रजा टाक. एका किरकोळ रजेनं कुणाची पहिली बुडत नाही, हे मी इतकी वर्षं पहिली घेऊन सांगतेय. तू म्हणशील, आई तू स्वतः कधी रजा टाकलीस. माझ्या रस्त्यात नाला नव्हता.

आत्याकडं नागपूरला पार्सल पाठवलंय, तीळकूट आणि कडक भाकरी आहे. रविवारी परतवाड्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली. रेनकोट तुझ्याच मापाचा घेतलाय, रंगावरून बोलू नकोस, लांबून दिसावा म्हणून केशरी घेतला.

आणि तुमच्या सरांचा नंबर पाठव. मी फोन करणार नाही. नुसता असू दे माझ्याकडं.

आई