कॉल्विनसाहेब, हे पत्र राहूनच गेलं होतं

कॉल्विनसाहेब,

इथे सिडनीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. माझ्याच्याने ते होत नाही, म्हणून साहेब.

आम्ही इथे नवे होतो, तेव्हा एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रेडिओवरचा ‘पीएम’ म्हणजे पंतप्रधानांचा काहीतरी कार्यक्रम असणार, असं मला वाटायचं. मग कळलं, सकाळचा तो ‘एएम’ आणि संध्याकाळचा तो ‘पीएम’. १९९७ पासून तो तुम्ही, मार्क कॉल्विन, सादर करायचात. मी पोळ्या लाटताना ऐकायचे. एखादा मंत्री गोल गोल बोलायला लागला की तुम्ही आवाज न चढवता तोच प्रश्न आणखी छोटा करून पुन्हा विचारायचात. माझं इंग्रजी त्यातच सुधारलं. पण आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे.

२०११ मध्ये ह्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-पाच तास. बटाटा उकडून पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, प्यायचं पाणीसुद्धा मोजून. हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात त्या जागी, बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरत असल्यासारखं लागतं. तो हात दिसू नये म्हणून हे भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे शर्ट घालायचे. नोकरी सोडली. मंडळाच्या गणपतीलाही येईनात.

आणि एक दिवस मला कळलं, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात येणारा तो आवाजही डायलिसिसवर आहे. १९७५ मध्ये नव्या कोऱ्या ‘डबल जे’ रेडिओ केंद्रावर बातम्या वाचणारा, १९८० मध्ये इराणमधल्या ओलीस प्रकरणाचं वार्तांकन करणारा, टीव्हीवर ‘फोर कॉर्नर्स’साठी इथिओपियाचा दुष्काळ दाखवणारा माणूस. १९९४ मध्ये रवांडाच्या नरसंहाराची बातमी करायला गेलात आणि रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ आजार घेऊन परतलात. मरता मरता वाचलात, पण मूत्रपिंडांनी शेवटी दगा दिलाच.

ह्यांना सांगितलं तर आधी म्हणाले, “काहीतरीच.” थोड्या वेळाने विचारलं, “कुठल्या वारी जातो?”

बस, तिथून सुरुवात झाली. हे डायलिसिसच्या खुर्चीत बसून फोनवर तुमचं ट्विटरवरचं ‘कॉल्विनियस’ खातं वाचायला लागले. जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर तुम्ही लिहायचात, रडगाणं मात्र नाही. पुढे ह्यांनी तीन दिवसांची का होईना, नोकरी धरली. बाह्या कधी वर गेल्या, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

२०१३ मध्ये मेरी-एलन फील्ड यांनी तुम्हाला मूत्रपिंड दिलं. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या फोन हॅकिंगच्या बातमीसाठी तुम्ही त्यांची मुलाखत घेतली होतीत, तेवढी ओळख, मग मैत्री. (आमच्याकडे हा विषय निघाल्यापासून सख्ख्या नात्यातले फोन उचलत नाहीत. असो.) त्या दिवशी मी तुम्हाला चार ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. एवढ्या मोठ्या माणसाला काय लिहायचं!

११ मे २०१७ ला तुम्ही गेलात. त्यानंतर तुमच्या खात्यावर तुमचं शेवटचं एक वाक्य आलं. ह्यांनी खुर्चीतूनच मला फोन करून वाचून दाखवलं. मराठीत कसं सांगायचं म्हणून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “च्यायला, मजा आली!”

तुमची,
पोळ्या लाटता लाटता ऐकणारी