वेपची वात कशाची असावी

कोथरूड, पुणे

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

वेप, म्हणजे ती ई-सिगारेट, सोड, हे फोनवर सांगून झालंय. पुन्हा पाढा वाचत नाही. पण लीड्समध्ये तू कॉइल, म्हणजे त्यातल्या तापणाऱ्या तारेचं वेटोळं, स्वतः बांधतोस आणि त्यातल्या लिक्विड शोषणाऱ्या वातीबद्दल वर विचारतोस, "कापसापेक्षा सिलिका बरी ना?" तर ऐक.

वात कशाची यापेक्षा ती ओली आहे का, हे आधी बघायचं. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290ला. वात भिजलेली असेतोवर कॉइलची उष्णता त्या उकळण्यात खर्ची पडते. कोरडी पडली की कॉइल भसकन तापते, उरलंसुरलं लिक्विड करपतं आणि त्यातून ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड हे विषारी वायू निघतात. घसा सोलवटणारा कोरडा झुरका, ज्याला तुम्ही ड्राय हिट म्हणता, तो हाच. चव बिघडण्याआधीही हे वायू थोडे बनतच असतात.

म्हणून माझा कौल कापसाला. तो अडीचशे अंशांपुढे करपू लागतो आणि तोंड लगेच वाकडं होतं. सिलिकाची दोरी सोळाशेलासुद्धा वितळत नाही, त्यामुळे कापसासारखा इशारा तिच्याकडून मिळत नाही. शिवाय कापलेल्या टोकांतून काचेचे बारीक तंतू सुटतात. सिलिकोसिस होतो तो स्फटिकी सिलिकाच्या धुळीने, आणि ही दोरी अस्फटिक असते, हे खरं. तरी तंतू छातीत ओढायचे कशाला?

भट्टीच्या अस्तराला वापरतात तसली सिरॅमिक तंतूंची दोरी तर नकोच. ते तंतू आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 2बी यादीत आहेत, म्हणजे कर्करोगजनक असण्याची शक्यता. तयार कॉइलमधली सच्छिद्र सिरॅमिकची घट्ट नळी वेगळी. पण तिला तडा दिसला की फेकायची. स्टीलच्या जाळीच्या वातीच्या नादी लागू नकोस. तिच्यावरचा ऑक्साइडचा थर खरवडला की शॉर्ट होतं.

कापूस बिनब्लीचचा, बिनवासाचा घे. मेकअप पुसायच्या पॅडमध्ये कधीकधी पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. चिमूटभर जाळून बघ: कागदाचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

तीन मिलिमीटरच्या कॉइलमधून वात किंचित अडत सरकली पाहिजे. कॉइलच ओढली गेली तर कापूस जास्त झाला. कोंबलेल्या वातीत लिक्विड चढत नाही, मधोमध कोरडं राहतं आणि तिथेच करपतं. सैल भरलीस तर गळतं. टोकं विंचरून पातळ कर, लिक्विडच्या वाटांवर नुसती टेकव. वरून थेंब सोडून पूर्ण भिजव, टाकी भरल्यावर दहा मिनिटं थांब, मग कमी वॅटवर सुरू कर. दाट, ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड हळू चढतं. दोन झुरक्यांत वेळ जाऊ दे. गोड लिक्विडने कॉइलवर काळी साय धरते, तेव्हा वात लवकर बदल. करपलेली वात पुन्हा भिजवून चालत नाही. आणि स्टीलची कॉइल साफ करायला लालभडक तापवू नकोस.

डिसेंबरला येताना हे सामान तिथेच ठेव. 2019च्या कायद्याने भारतात त्याची आयात, विक्री आणि साठवणूक बंद आहे. आयात-विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटिनचे पॅच मात्र तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात.

तुझी,
आई