छताचं आयुष्य आणि स्क्रूचं भोक

संपादक महोदय,

खिडक्या-दारांवरच्या पावसाळी शेडविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पत्रा इतकी वर्षं, पॉलिकार्बोनेट (म्हणजे कडक प्लास्टिकचं शीट) तितकी, कापड त्याहून कमी, असा तक्ता त्यात दिला होता. मी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे तक्ता दिसला की डोळा आधी तिकडेच जातो. हा तक्ता मात्र अर्धवट आहे.

आमच्या मागच्या दारावर मी हौसेने पॉलिकार्बोनेटची शेड बसवून घेतली. दुसऱ्याच वर्षी ती जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी पडली. दुपारी ऊन चढलं की टक टक आवाज यायचा. पुढे एका स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडल्या. माल हलका निघाला म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते. खरी चूक माझीच होती. शीटवर छापील प्लास्टिकची फिल्म असते. धूळ बसली म्हणून कारागीर यायच्या आदल्या दिवशी मीच ती सोलून ठेवली. कोणती बाजू वर घ्यायची, ते त्या फिल्मवरच लिहिलेलं असतं! अतिनील किरणं अडवणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आमचा गेला खाली.

टकटकीचं उत्तर हिशेबातच होतं, पण हिशेब मी नंतर केला. दर मीटरला एका अंशामागे हे शीट साधारण 0.065 मिलिमीटर वाढतं. आमचं शीट 3 मीटरचं. पहाट आणि दुपार यांत शीटच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तर जवळपास 8 मिलिमीटर. भोक मात्र स्क्रूच्याच मापाचं, वर वॉशर करकचून आवळलेला. मग शीट जाणार कुठे?

पत्र्याचं वेगळं काय? कापलेल्या कडा आणि भोकं उघडी राहिली की गंज तिथूनच धरतो. (पावसात पत्रा कान किटवतो, हे लेखात नव्हतं. लिहायला हवं होतं.) माझ्या बहिणीकडे ॲक्रिलिक कापडाची शेड आहे. सूत काढण्याआधीच रंग मिसळलेला, त्यामुळे कापडाचा रंग अजून टिकून आहे. पण शिवणीचा साधा पॉलिस्टर दोरा उन्हाने कुजला आणि शेड शिवणीवरच उसवली. शिवाय उतार कमी, म्हणून मध्ये पाण्याचा फुगा धरायचा. तो ती काठीने वर ढकलायची, पाणी नेमकं तिच्याच अंगावर.

तेव्हा पुढच्या वेळी तक्त्यात भोक, उतार, कडा आणि दोरा यांचाही एक रकाना छापावा, ही विनंती.

शीट आम्ही आता बदललं. या वेळी कारागिरांनी कडेपुरती फिल्म उचलून स्क्रू लावले, भोकं ऐसपैस पाडली आणि शीट बसताच उरलेली काढली. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते. तोवर मी शिडीखालून हलले नाही.

— एक निवृत्त शिक्षिका